आधी कोण उठणार

अपडेट झालं आणि यादी गेली.
काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, दहा सेकंद,
बाण खाली घ्यायचा, एंटर दाबायचं,
इतकंच माझं रोजचं.
आज विचारलंच नाही कुणी. थेट विंडोज.

दांडिया बाजारात दुकान, सहा बाय नऊ. मशीन एकच.
विंडोजमध्ये जुना गुजराती फॉन्ट, दुसरीकडे न चालणारा;
कंकोत्र्या तिथेच होतात. प्रिंटरही तिकडचंच ऐकतो.
लिनक्स यतीनने घालून दिलं, कॅनडाला जाताना, फुकट.
माझं मराठी सगळं त्यात.
सकाळी आठला अमीन-पाठकांची पत्रिका द्यायचीय,
एका अंगाला ती, एका अंगाला ही.
अमीनांचं अंग तयार.
पाठकांची मुलगी आत अडकलेली.

साडेदहाला फोन. "बेन, केटलुं बाकी?"
मी म्हटलं, मेनू गायब झालाय.
अमीनभाई दचकले. "केम? महाराजे ना पाडी?"
मला हसूही आलं नाही.

बंद. चालू. एफ-बारा, एफ-बारा, एफ-बारा,
शेजारणीची कडी वाजवावी तशी.
मग बायोस, तलाठ्याच्या कचेरीसारखं करडं.
रांगेत पहिलं विंडोज. दुसऱ्याचं नाव तळाशी.
उचलून वर ठेवलं, जतन केलं, बाहेर आले.
परत विंडोज.
मी पाठ फिरवताच त्याने रांग
होती तशी लावून घेतली होती.

यतीनकडे दुपार. त्याचा मेसेज:
गल्ल्यात बघ, पाच पैशांच्या नाण्यांखाली पेनड्राइव्ह आहे.
होता.
त्याच्यावरून मशीन उठलं, पाहुणं कुणीतरी उठावं तसं,
काय कुठे आहे ते बिचकत विचारत.
पाचव्या कप्प्यात बघितलं, तर अगं बाई,
सगळं जागच्या जागी. "आमचे येथे श्रीकृपेकरून"पासून
चुलत्यांच्या नावांपर्यंत, एक वेलांटीसुद्धा हललेली नाही.
दारावरची पाटी तेवढी काढली होती कुणीतरी.

विंडोजचा कप्पा मात्र उघडेना.
यतीन म्हणाला, ते बंद होतच नाही पूर्ण,
लवकर उठता यावं म्हणून अर्धवट निजतं.
घ्या. झोपलेल्याला उठवता येतं;
झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवायचं
हे आमच्या आईला साठ वर्षांत जमलं नाही.
मशीनमध्ये त्याला एक खूण असते, ती काढायची. काढली.

कीर्तिस्तंभावरून आणलेली सेव-उसळ
एव्हाना गार. शेव मऊ पडली, पाव कडक.
डाव्या हाताने खात उजव्या हाताने
यतीन सांगेल ती अक्षरं टाइप करत गेले,
एक जागा जास्त पडली की सगळं परत.

एक वाजता यादी आली.
पण नाव एकच, लिनक्सचं. आता विंडोजच नाही!
यतीन म्हणाला, शेजारी आणखी कोण राहतं ते शोधणं
हल्ली आपणहून होत नाही. बंद ठेवलंय, सुरक्षेसाठी.
मी विचारलं, सुरू करता येतं ना?
येतं. एका ओळीचं काम.
ती ओळ लिहिताना मला का कोण जाणे
आमच्या नव्या सोसायटीचं फाटक आठवलं.

मग दोन्ही आली. एकाखाली एक, दहा सेकंद.
पाठकांची मुलगी घेऊन मी पलीकडे गेले,
अमीनांच्या अंगाला तिचं अंग लावलं, छापायला दिलं.
प्रिंटर गरम होत होता तेव्हा कोपऱ्यात नजर गेली.
भिंतीवर सव्वादोन,
विंडोजच्या घड्याळात रात्रीचे पावणेनऊ.
एकाच्या हिशेबाने मशीनमधली वेळ इथली,
दुसऱ्याच्या हिशेबाने विलायतेची,
मधे साडेपाच तास, कुणाचेच नाहीत.
यतीन म्हणाला, दोन मिनिटांत नीट होईल, लिही.
म्हटलं, सकाळी.

पावणेनऊ.
अमीनभाईंचा फोन यायचाय अजून.
सेव-उसळ गरम आहे.
मेनू कुठे जाणार आहे?